बालगृहातील मुलांना नोकरीसाठी तयार करताना

बालगृहात वाढलेल्या मुलासाठी अठरावा वाढदिवस आनंदाइतकाच धास्तीचा असतो, कारण त्यानंतर त्या छपराखाली राहण्याचा त्याचा हक्क संपतो. 2015 च्या बाल न्याय अधिनियमाने 21 वर्षांपर्यंत अनुरक्षणाची, म्हणजे संस्थेतून बाहेर पडल्यावरच्या आधाराची, सोय सांगितली आहे आणि अपवादात्मक परिस्थितीत नियमांनुसार ती आणखी दोन वर्षे वाढवता येते. मात्र अनुरक्षणगृहात प्रवेश मिळाला तरी त्या मोजक्या वर्षांत मुलाने कमावते व्हावे, हीच अपेक्षा असते. अशा मुलांना बायोडाटा लिहायला शिकवणारे पुष्कळ भेटतात. घरात आईवडिलांच्या, मामा-काकांच्या बोलण्यातून जे नकळत कानावर पडते, म्हणजे पगारातून काय कापले जाते, साहेबांकडे रजा कशी मागावी, घरमालक अनामत रक्कम कशासाठी घेतो, ते सांगणारे मात्र त्यांच्याभोवती फारसे कोणी नसते. स्वयंसेवकाने आपला अभ्यासक्रम या उणिवेभोवती आखावा.

थेट मुलांपर्यंत पोहोचण्याची घाई करू नये. आपण कोण आहोत, काय शिकवणार, कोणत्या वयोगटाला, कोणत्या वारी व किती आठवडे, हे एका पानात लिहून संस्थेच्या अधीक्षकांना भेटावे. शासकीय संस्था असल्यास जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांकडे अर्ज करावा. पोलिसांकडून चारित्र्य पडताळणीचा दाखला मागितला गेला तर राग मानू नये. तो मागणारी संस्था आपले काम चोख करत असते. मुलाची ओळख उघड होईल असे नाव, छायाचित्र किंवा पत्ता प्रसिद्ध करण्यास अधिनियमाच्या कलम 74 नुसार मनाई आहे, म्हणून वर्गातला एकही फोटो समाजमाध्यमांवर टाकू नये, पाठमोरा फोटोसुद्धा नको. वर्ग कर्मचाऱ्यांच्या नजरेसमोर, उघड्या दाराच्या खोलीत घ्यावा. एखाद्या अल्पवयीन मुलाने लैंगिक छळाविषयी काही सांगितले, तर ‘हे आपल्या दोघांतच राहील’ असा शब्द देऊ नये, कारण 2012 च्या पोक्सो (मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या) कायद्यानुसार अशी माहिती पोलिसांना कळवणे आपल्यावर बंधनकारक आहे. त्याचे शांतपणे ऐकून घ्यावे आणि पुढे कोणाला सांगावे लागेल, हे त्यालाही सांगावे.

वेळ ठरवताना एक व्यावहारिक सूचना. रविवारी अनेक संस्थांत वाढदिवसाचा केक आणि वह्या घेऊन येणाऱ्या देणगीदारांची वर्दळ असते, आणि टाळ्या वाजवून मुले कंटाळलेली असतात. शनिवारची दुपार मागून घ्यावी, आठ-दहा मुलांचाच गट घ्यावा आणि सलग दहा-बारा आठवडे, न चुकता, त्याच वेळी हजर राहावे. तेवढे जमणार नसेल तर चारच आठवडे सांगावेत, पण ते पाळावेत. पहिल्या दिवशी कोणालाही ‘तू इथे कसा आलास?’ असे विचारू नये. ते सांगायचे की नाही आणि कधी, हे मुलाने ठरवायचे असते.

सुरुवात कागदपत्रांपासून करावी, कारण पुढची बरीचशी दारे तेथेच अडतात. जन्माचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, गुणपत्रिका, आधार, पॅन आणि बँकेचे पासबुक यांवरील नाव व जन्मतारीख एकसारखी आहे का, हे मुलांना स्वतः ताडून पाहू द्यावे. पंधरा वर्षे पूर्ण झाल्यावर आधारमधील बोटांचे ठसे नव्याने द्यावे लागतात, आणि ते राहून गेले असेल तर नेमके नोकरीच्या वेळी पडताळणीत अडथळा येतो. अल्पवयीन असताना उघडलेल्या बँक खात्यालाही अठराव्या वर्षी नवी स्वाक्षरी आणि नवी कागदपत्रे लागतात. ज्यांना आईवडील नाहीत त्यांच्यासाठी महिला व बालविकास विभागाचे अनाथ प्रमाणपत्र फार मोलाचे आहे, कारण महाराष्ट्रात 2018 पासून शिक्षणात आणि शासकीय नोकऱ्यांत अनाथांसाठी 1 टक्का आरक्षण आहे. मूल संस्थेत असतानाच त्याचा अर्ज झाला आहे का, हे अधीक्षकांना विचारून घ्यावे. बाहेर पडल्यावर जुन्या नोंदी शोधत फिरणे त्याला जड जाते.

मुलाखतीच्या सरावाला दोन-तीन आठवडे द्यावेत. आपल्याकडे छोट्या कंपनीतील किंवा दुकानातील मालकाचा पहिला प्रश्न कामाविषयी नसतो; ‘गाव कोणते?’, ‘वडील काय करतात?’ असा असतो. हुशार मुलगीही या प्रश्नाला खाली मान घालते आणि पुढची सगळी उत्तरे ढासळतात. म्हणून हेच प्रश्न वर्गात आधी, पुन्हा पुन्हा आणि साध्या आवाजात विचारावेत. प्रत्येकाने आपले खरे पण पुरेसे उत्तर स्वतः घडवावे. उदाहरणार्थ, ‘मी संस्थेत राहून शिकलो, आता अमुक ठिकाणी राहतो आणि लगेच कामावर येऊ शकतो.’ खोटे वडील, खोटा पत्ता उभा करू देऊ नये, तसेच सगळी कहाणी सांगायलाही लावू नये. अर्जावरील ‘वडिलांचे नाव’ आणि ‘कायमचा पत्ता’ या रकान्यांत काय लिहायचे, हे दाखल्यांशी जुळवून आधीच ठरवावे. शासकीय कागदपत्रांत आईचे नाव लावण्याचा राज्य शासनाचा 2024 मधील निर्णय चांगला आहे, पण तो अलीकडे जन्मलेल्या मुलांसाठी असल्याने आज नोकरीच्या उंबरठ्यावर असलेल्यांना त्याचा उपयोग नाही.

पैशांचा धडा फळ्यावर प्रत्यक्ष आकडे मांडून घ्यावा. इतर भत्ते नाहीत आणि मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून 14,000 रुपये आहेत असे धरले, तर भविष्य निर्वाह निधीचे 12 टक्के म्हणजे 1,680, कर्मचारी राज्य विमा योजनेचे 0.75 टक्के म्हणजे 105 आणि मुलगा असल्यास व्यवसाय कराचे 200 रुपये कापून हातात 12,015 रुपये येतात. महिलांना 25,000 रुपयांपर्यंतच्या पगारावर महाराष्ट्रात व्यवसाय कर नाही, त्यामुळे मुलीच्या हातात 12,215 रुपये पडतील. ही वजाबाकी माहीत नसलेले मूल ‘मालकाने फसवले’ म्हणून दुसऱ्याच महिन्यात नोकरी सोडते. आणि जेथे खरोखर फसवणूक होते, पगारपत्रकच मिळत नाही, तेथे ते गप्प बसते. याच आकड्यातून खोलीभाडे, मेस आणि बस किंवा लोकलचा पास वजा करायला लावावे. अनामत रकमेची पावती घेणे आणि कोऱ्या कागदावर सही न करणे, या दोन गोष्टी तर घोकून घ्याव्यात.

कोणता मार्ग निवडावा, हे आपण ठरवू नये, पण माहिती नेमकी द्यावी. आयटीआयमध्ये वेल्डरचा अभ्यासक्रम एक वर्षाचा आहे, फिटर आणि इलेक्ट्रिशियनचा दोन वर्षांचा; वेल्डर आणि वायरमन यांना आठवी उत्तीर्ण मुलेही पात्र ठरतात, हे शाळा अर्धवट सुटलेल्यांना आवर्जून सांगावे. शिकाऊ उमेदवारीत काम शिकताना विद्यावेतन मिळते. बारावीनंतर पदवी घेऊ इच्छिणाऱ्याला मात्र ‘आधी पोटाचे बघ’ असे म्हणून लगेच हातात पाना देऊ नये. त्याच्यासाठी वसतिगृह आणि शिष्यवृत्तीची माहिती काढावी. संस्थेच्या लेखी परवानगीने एखादा वर्कशॉप, बँकेची शाखा किंवा उपाहारगृहाचे स्वयंपाकघर दाखवता आले, तर ती एक दुपार चार व्याख्यानांचे काम करते. अल्पवयीन मुलांना ‘अनुभव’ म्हणून ओळखीच्या कारखान्यात कामाला लावणे टाळावे. चौदा वर्षांखालील मुलांना नोकरीवर ठेवणे आणि अठरा वर्षांखालील मुलांना धोक्याच्या कामाला लावणे हा गुन्हा आहे.

नोकरी लागल्यावरचे पहिले तीन महिने सर्वांत नाजूक असतात, म्हणून त्या काळात कोणाला फोन करायचा हे अधीक्षकांशी बोलून आधीच पक्के करावे आणि तो क्रमांक मुलाला तोंडपाठ करायला लावावा, कारण मोबाइल हरवतो, विकला जातो. ‘उद्यापासून जात नाही’ असा फोन बहुधा रात्री येतो. तेव्हा उपदेश न करता जेवण झाले का, हे विचारावे. अंगावर हात टाकला गेला असेल किंवा जिवाला धोका असेल, तर त्याच क्षणी तेथून निघायला सांगावे. तसे काही नसेल, तर दुसऱ्या दिवशी कामावर जाऊन रीतसर लेखी राजीनामा द्यायला, केलेल्या दिवसांचा पगार मागायला आणि अनुभवाचे पत्र घ्यायला सांगावे.