शेंगा, बोंडं, कंदीलपुष्प: मातीत हात घालण्याआधीची तयारी

शेंगा-फुलांच्या आकाराची मातीची शिल्पं घडवून भाजायची, तर सगळ्यात आधी भट्टीचं आतलं माप घ्या. शेंग करायची की फूल, ते नंतर. आतली मोकळी उंची ४० सें.मी. असेल, तर वर ३ सें.मी. मोकळं सोडून ३७ उरतात. ओल्या मातीपासून भाजून निघेपर्यंत काम साधारण १० टक्के आटतं, म्हणजे ओलं काम ४१ सें.मी. उंच चालेल. तुमच्या मातीचा आकडा १० असेलच असं नाही. १२ सें.मी. लांबीची पट्टी कापा, तिच्यावर बरोबर १० सें.मी.ची रेघ ओढा, वाळवा, भाजा, पुन्हा मोजा. रेघ ९.२ भरली तर आटणं ८ टक्के. अशा तीन पट्ट्या करा, कारण एखादी वाळताना वाकतेच.

भट्टी कोणती, यावर कामाचा नाजूकपणा ठरतो. शेणी, लाकूड, चिपाड यांवर चालणाऱ्या कुंभारांच्या उघड्या भट्टीत ताप ७०० ते ९०० अंशांच्या आसपास जातो, पण चढतो भराभर आणि वर दुसऱ्या भांड्यांचं ओझंही असतं. तिथे जाड अंगाचा कंद, बोंड, भोपळा टिकेल. सुट्या पाकळ्या नाहीत. पातळ काम विजेच्या भट्टीसाठी राखा. घरच्या १५ अँपिअरच्या सॉकेटवर साडेतीन किलोवॅटच्या आतलीच भट्टी चालते, हे ती विकत घेण्याआधी पाहा.

मग कॅलेंडर. कोल्हापुरातल्या शाहूपुरी, गंगावेश, बापट कॅम्पातल्या कुंभारांकडे माती किंवा भट्टी मागायची तर उन्हाळ्याच्या अखेरीपासून अनंत चतुर्दशीपर्यंत जाऊ नका. गणपतीच्या कामात कुणाला मान वर करायला सवड नसते. पुढे नवरात्राच्या मूर्ती, मग पणत्या. दिवाळी उरकली की निवांत बोलता येतं, आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारीची हवाही आपल्या सोयीची. पावसाळ्यात कोल्हापुरात जाड काम तीन-तीन आठवडे ओलं राहतं. एप्रिलच्या दुपारी उलट: पाकळीची कड तासाभरात पांढरी पडते, बुडखा मात्र ओलाच, आणि चीर नेमकी त्या दोहोंच्या मध्ये जाते.

माती निवडताना शाडूच्या मोहात पडू नका. ती न भाजता वाळवून रंगवायच्या मूर्तीची माती. नुसती काळी मातीही नको. ती फार आटते आणि तिच्यात चुनखडीचे खडे असतात. भांड्यांची चांगली कमावलेली लाल माती घ्या, पातळ करून ६० नंबरच्या चाळणीतून गाळा, सुकवून मळण्याजोगी करा. त्यात वजनाने १५ ते २० टक्के ग्रॉग, म्हणजे भाजलेल्या मातीचा अर्धा ते एक मिलिमीटर दाण्याचा चुरा. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांना रिफ्रॅक्टरी, म्हणजे भट्टीचा ताप सोसणाऱ्या, विटा पुरवणाऱ्यांकडे तुटक्या विटा मिळाल्या तर त्या कुटून चाळल्या की झालं. कुटताना एन-९५ मास्क लावा, ती धूळ फुप्फुसातून निघत नाही. मूर्तिकाराच्या शेडमध्ये बसून काम करणार असाल तर फळी, बादली, कोरणी आपली स्वतःची न्या. प्लास्टर ऑफ पॅरिसचा गव्हाएवढा कण मातीत गेला, तर तोही चुन्यासारखा भाजल्यानंतर ओल धरतो आणि अंगावरचा टवका उडवतो. या एका कारणाने जितकी कामं वाया जातात, तितकी मळताना राहिलेल्या हवेने जात नाहीत. हवेच्या बुडबुड्याने भट्टीत काम फुटतं ही समजूतही सोडून द्या. फोडते ती आत अडकलेल्या पाण्याची वाफ.

किती माती? ३० सें.मी. उंच, १० मि.मी. अंगाच्या पोकळ बोंडाला साधारण ४ किलो लागते, वर काटे-पाकळ्या-बैठक धरून ६. आठ किलो मळून ओल्या गोणपाटात झाका. एकाच घाण्यातली माती असू द्या. दोन घाण्यांची माती वेगवेगळी आटते आणि सांधे सुटतात.

नमुने उन्हाळ्यातच गोळा करा. मुरुडशेंगेचा पीळ, काटेसावरीचं उकललेलं बोंड, सागरगोट्याची काटेरी शेंग, कमळाचं वरून सपाट, भोकाभोकांचं बोंड. धोतऱ्याचं बोंड हाताळल्यावर हात धुवा, रुईचा चीक डोळ्यांत जाऊ देऊ नका, आणि खाजकुइली कितीही देखणी असली तरी लांबूनच. राधानगरी अभयारण्यातून काहीही उचलायचं नाही, वहीत काढा. प्रत्येक नमुन्याचा एक उभा छेद काढा आणि कुठे जाड, कुठे पातळ ते लिहा. आकार मूळच्या दीडपट तरी धरा. हुबेहूब मापाची शेंग भाजून निघाली की खेळण्यातली वाटते.

खवल्यांचं काम असेल तर क्रम आधी ठरवा. टोकं वर असलेले खवले वरून खाली लावत या, म्हणजे खालचा खवला वरच्याचा सांधा झाकतो. टोकं खाली असतील तर कौलं घालतात तसं खालून वर.

हत्यारं थोडकीच: लाटणं, ८ मि.मी. जाडीच्या दोन पट्ट्या (लादी एकसारखी लाटायला), सुई, जुना दात्यांचा कंगवा, कापायला तार, स्पंज, पाण्याचा फवारा, पातळ प्लास्टिक, टेकूसाठी वाळूच्या पुरचुंड्या आणि वर्तमानपत्राचे बोळे. सांध्यासाठी त्याच मातीची दह्याइतकी दाट स्लिप. दोन्ही बाजू कंगव्याने खरवडायच्या, स्लिप लावून दाबायचं आणि कडेने बारीक वळी भरायची. नुसत्या पाण्याने चिकटवलेली पाकळी वाळताना गळते. चार मिलिमीटरपेक्षा पातळ पाकळीला स्लिपमध्ये आकारमानाने चौथ्या हिश्शाइतका टिश्यू पेपरचा लगदा मिसळून सुकवलेली माती घ्या. ती आठ-दहा दिवसांत संपवा, नंतर कुजून वास मारते. भाजताना धूर होतो, खिडकी उघडी हवी.

शिवाजी विद्यापीठाच्या लीड बोटॅनिकल गार्डनने जतन केलेलं कंदीलपुष्प ज्यांना मातीत आणायचंय, त्यांनी वेगळी तयारी ठेवावी. बुडाशी फुगीर नळी आणि वर पाच पाकळ्या टोकाला जुळून झालेला पिंजरा, हीच सगळी अडचण. पाचही पट्ट्या एकाच ६ मि.मी. लादीतून कापा, चामड्याइतक्या घट्ट होऊ द्या, पिंजऱ्यात कागदाचा बोळा ठेवा आणि टोकं सगळ्यात शेवटी जुळवा. बोळा काढायची गरज नाही, भट्टीत जळतो. पूर्ण बंद पोकळीला मात्र तळाशी ३ मि.मी.चं भोक हवंच.

लांब देठात लोखंडी तार घालून भाजू नका. माती आटते, तार आटत नाही, देठ उभा तडकतो. देठाचे पोकळ तुकडे वेगळे भाजून नंतर सळईवर ओवा. १० मि.मी. सळईसाठी ओलं भोक १३ मि.मी. ठेवा, भाजून ते पावणेबाराच्या आसपास उतरतं.

वाळवताना खाली वर्तमानपत्र घाला, म्हणजे आटताना बूड सरकेल. पहिले तीन दिवस पूर्ण झाकलेलं, मग फक्त बुडखा उघडा आणि कडा प्लास्टिकखाली. गालाला लावून गार लागलं तर आत ओल आहे.

भट्टीत १२० अंशांपर्यंत ताशी ५० अंश, तिथे चार तास थांबा, मग ६०० पर्यंत ताशी १००, पुढे १५०. लाल मातीला ९५० ते १००० पुरे. १०० च्या खाली उतरल्याशिवाय झाकण उघडायचं नाही.

बाहेर काढलेलं काम रंगवण्याआधी आठवडाभर तसंच ठेवा. चुना असेल तर पांढऱ्या ठिपक्याचे खड्डे तेवढ्यात दिसतात. काही निघालं नाही, तर लाल आयर्न ऑक्साइड पाण्यात कालवून लावा आणि ओल्या स्पंजने पुसा. शिरांमध्ये राहतं, उंचवट्यावरून जातं. ते पुन्हा ९५० ला भाजून घ्या, मग उद्यमनगरातून कापून आणलेली सळई अराल्डाइटने बसवा आणि २४ तास आडवंच ठेवा.