स्पॅनिश घर बांधताय? या चुका टाळा

लाल कौलं, पांढऱ्या भिंती, दोन कमानी, झालं स्पॅनिश घर! असं समजून काम काढलं की पहिली फजिती छपरावर होते. ही अर्धगोल कौलं म्हणजे आपल्या जुन्या नळीच्या कौलांची भावंडंच. पण कॅलिफोर्नियात (१९२५च्या भूकंपानंतर सांता बार्बरा शहर याच शैलीत पुन्हा उभं राहिलं) कौलांखाली डांबरी कागदाचा थर असतो, आणि गळती बहुतेक वेळा तो जीर्ण झाल्यामुळे लागते. वर कौलं ठणठणीत! लोक मात्र फुटकं कौल शोधायला माणूस चढवतात, तो आणखी चार फोडून उतरतो. कौलं उतरवा, थर नवा घाला, तीच कौलं परत बसवा. वळचणीला कौलांची उघडी तोंडंही बुजवा. तिथे पक्षी घरटी करतात, आणि वणव्याच्या दिवसांत ठिणग्या शिरतात.

दक्षिण स्पेनमधल्या अंदालुसियात जुन्या जाड भिंतींना वरचेवर चुना देतात. ही कटकट नको म्हणून प्लास्टिक रंग फासला, की जमिनीतून चढलेली ओल आतच कोंडते. वर्षा-दोन वर्षांत फुगे येतात. एखादा नखाने उचकटून पाहा, मागचा गिलावा पिठासारखा हातात येतो.

चार इंची भिंतीत कापलेली कमान पुठ्ठ्याची वाटते. जुन्या घरात खिडकीच्या कडेला हात टेकवला तर कोपरापर्यंत भिंतच लागते, आणि उन्हाची तिरीप तिथेच अडते. एवढी जाडी परवडत नसेल तर सरळ लाकडी तुळई टाका. तीही तितकीच स्पॅनिश.

सगळ्यात जिवावर येतं ते पॅटिओवर, म्हणजे घराच्या मधल्या अंगणावर, काच घातलेली पाहणं. अंदालुसियातल्या कोर्दोबा शहरात उन्हाळ्यात पारा चाळिशी सहज ओलांडतो. तिथला पॅटिओ, आपल्या वाड्यातल्या चौकासारखाच, वर मोकळा: रात्रीची गार हवा खाली उतरून बसते, सकाळी दारं-पडदे ओढून ती घरात राखायची, दुपारी वरून कापडी छत ताणायचं. भिंतीवरच्या कुंड्यांना लांब काठीला बांधलेल्या डब्याने पाणी घालतात, त्यानेही गारवा येतो. काच बसवली की त्याची भट्टी होते.

निळा घुमट हवाय? तो ग्रीसमधल्या सांतोरिनीचा, आणि तिथेही बहुतेक चर्चवर असतो.