अल्पकाळ टिकलेल्या क्रांतिकारी सरकारांची चांदीची नाणी कशी जमवावीत

काही महिने किंवा एखाद-दुसरे वर्ष सत्तेवर राहिलेल्या क्रांतिकारी सरकारांची नाणी थोडीच पाडली गेली, आणि जुनी राजवट परतल्यावर त्यांतली बरीचशी वितळवली गेली. उरलेल्या नाण्यांना आज मोठी मागणी आहे आणि नकलाही त्याच प्रमाणात आहेत. म्हणून कोणतेही नाणे विकत घेण्यापूर्वी संग्राहकाने एक गोष्ट शोधून काढावी: त्या सरकारच्या हाती चालती टांकसाळ आली होती, की त्याने छावणीत किंवा खाणीजवळ स्वतःच नाणी पाडण्याची सोय उभी केली होती? नाण्याची पारख कशी करायची हे या उत्तरावर अवलंबून असते, कारण दोन्ही प्रकारांच्या कसोट्या बऱ्याच अंशी परस्परविरुद्ध आहेत.

पहिल्या प्रकारात, म्हणजे चालती टांकसाळ हाती आलेल्यांत, वॉर्सा, मिलान, व्हेनिस आणि आजच्या बोलिव्हियातील पोतोसी ही ठिकाणे येतात. पोलंडमध्ये नोव्हेंबर १८३० मध्ये उठाव झाला, जानेवारी १८३१ मध्ये तिथल्या संसदेने झार पहिल्या निकोलसला पदच्युत केले आणि सप्टेंबर १८३१ मध्ये वॉर्सा पुन्हा रशियाच्या ताब्यात गेले. या मधल्या काळात वॉर्साच्या टांकसाळीने झारचा मुखवटा नसलेली २ आणि ५ झ्लोटींची चांदीची नाणी पाडली. त्यांवर पोलंडचा गरुड आणि लिथुआनियाचा घोडेस्वार असलेली मुकुटधारी ढाल आहे, तसेच टांकसाळीचे अधिकारी कारोल ग्रोनाऊ यांची ‘के. जी.’ ही आद्याक्षरे आहेत. मिलानमध्ये मार्च १८४८ च्या पाच दिवसांच्या लढ्यानंतर स्थापन झालेले लोंबार्दीचे हंगामी सरकार त्याच वर्षीच्या ऑगस्टच्या आरंभी संपले. त्याच्या ५ लिरांच्या नाण्यात ९०० सहस्रांश शुद्धतेची चांदी असून वजन २५ ग्रॅम आहे. व्हेनिसचे प्रजासत्ताक ऑगस्ट १८४९ पर्यंत तग धरून राहिले आणि त्याच्या ५ लिरांचे दोन प्रकार आहेत: एकावर २२ मार्च १८४८ ही प्रजासत्ताकाच्या घोषणेची तारीख आहे, तर दुसऱ्यावर ११ ऑगस्ट १८४८ ही, पीडमाँट या वायव्य इटलीतील राज्याशी झालेले अल्पकालीन विलीनीकरण मोडून शहर पुन्हा स्वतंत्र झाल्याची तारीख आहे. संग्रहात हे दोन्ही प्रकार शेजारी शेजारी असावेत असे मला मनापासून वाटते, कारण एका शहराची पाच महिन्यांतली उलथापालथ त्या दोन तारखांमध्ये वाचता येते. पोतोसीची टांकसाळ १८१३ मध्ये स्पेनविरुद्ध लढणाऱ्या अर्जेंटिनाच्या बेलग्रानो या सेनापतीच्या सैन्याने घेतली, वर्ष संपण्याआधीच गमावली आणि १८१५ मध्ये ती पुन्हा काही काळ क्रांतिकारकांकडे आली. तिथे पाडलेल्या ८ रेआलांच्या (रेआल हे स्पॅनिश चलन) नाण्यांवर किरणांचा सूर्यमुख आणि ‘प्रोविन्सियास देल रिओ दे ला प्लाता’ ही अक्षरे आहेत.

अशा टांकसाळींत प्रशिक्षित कारागीर आणि यंत्रे तशीच राहिलेली असल्याने नाणी नियमित घडणीची आहेत, आणि इथे काटेकोर मोजमाप उपयोगी पडते. शतांश ग्रॅम दाखवणारा तराजू, व्यास मोजायला कॅलिपर आणि दहापट भिंग एवढी साधने पुरतात. झिजलेले नाणे काही दशांश ग्रॅम हलके भरणे स्वाभाविक आहे. पण नवेकोरे दिसणारे ५ लिरांचे नाणे २३ ग्रॅम भरत असेल तर ते निःसंकोच नाकारावे. कडेवरची अक्षरे किंवा नक्षी आणि दोन्ही बाजूंच्या ठशांची (नाणे दाबून पाडणाऱ्या कोरीव साच्यांची) परस्पर दिशा नाण्यांच्या सूचीतील वर्णनाशी ताडून पाहावी. पृष्ठभागावर बारीक खड्डे, बोथट अक्षरे किंवा कडेवर सांध्याची रेघ दिसली तर नाणे ओतीव असण्याची शक्यता मोठी असते. कडेवर डाख दिल्याची खूण असेल तर ते नाणे पूर्वी दागिन्यात बसवलेले होते असे समजावे; ते खरे असले तरी त्याची किंमत बरीच उतरते.

मेक्सिकोत १९१३ ते १९१५ या काळात पाडलेली नाणी दुसऱ्या प्रकारची आहेत आणि या छंदातला सर्वांत समृद्ध, पण सर्वांत धोक्याचा भाग हाच आहे. दुरांगो राज्यातील कुएन्कामे येथे क्रांतिकारकांनी १९१४ मध्ये पाडलेल्या पेसोवर ‘मुएरा उएर्ता’, म्हणजे हुकूमशहा उएर्ताला मरण येवो, असे सरळ कोरलेले आहे. गेरेरो राज्यातील कांपो मोरादो येथे शेतकऱ्यांचा क्रांतिकारी नेता झापाता याच्या पक्षाने पाडलेल्या २ पेसोंच्या नाण्यांवर चांदीत मिसळलेल्या सोन्याचे प्रमाणही नोंदवलेले आहे, कारण तिथल्या धातूतले सोने वेगळे काढलेले नव्हते. ही नाणी ओबडधोबड आहेत: ठसा एका बाजूला सरकलेला, मधला भाग पुसट, वजन कमी-जास्त. त्यामुळे वजनातला फरक किंवा ओबडधोबडपणा हा इथे खोटेपणाचा पुरावा ठरत नाही, आणि नकली नाणी करणाऱ्यांना नेमके तेच सोयीचे होते. इथे ठशांची ओळखच कामी येते. प्रत्येक ठशात अक्षरांचे अंतर, ताऱ्यांची जागा आणि ठशाला पडलेल्या तड्यांची रेघ वेगळी असते. जुन्या लिलावांच्या सूचींतील छायाचित्रे जमवून आपल्यासमोरचे नाणे कोणत्या ज्ञात ठशाचे आहे हे आधी ठरवावे, आणि ते कोणत्याच ठशाशी जुळत नसेल तर विक्रेत्याची कहाणी कितीही रोमहर्षक असली तरी हात आखडता घ्यावा. एकच ओरखडा किंवा एकच खाच दोन वेगवेगळ्या नाण्यांवर अगदी त्याच जागी दिसली, तर दोन्ही नाणी खऱ्या नाण्यावरून तयार केलेल्या नकली ठशाची समजावीत. १९३० च्या दशकातील चिनी सोव्हिएत प्रदेशांच्या, म्हणजे चीनमध्ये कम्युनिस्टांच्या ताब्यात असलेल्या भागांच्या, चांदीच्या नाण्यांनाही हीच सावधगिरी लागू आहे. त्यांच्या नकला इतक्या आहेत की नवशिक्याने त्या वाटेला जाऊच नये.

आरंभ मिलानच्या ५ लिरांपासून करावा. ते तुलनेने सहज मिळते आणि चांगल्या टांकसाळीचे काम हातात घेऊन अभ्यासता येते. महाग नाणे एनजीसी किंवा पीसीजीएस या नाणी तपासून प्रमाणित करणाऱ्या संस्थांच्या सीलबंद डबीत असले तरी डबीवरचा क्रमांक त्या संस्थेच्या संकेतस्थळावरील नोंदीशी आणि छायाचित्राशी जुळवून पाहावा, कारण नकली डब्याही बनतात. परदेशातून मागवताना त्या देशाचे निर्यातीचे नियम विक्रेत्याकडून लेखी समजून घ्यावेत. घरी आणल्यावर नाणे पॉलिश करू नये, चिंच, सोडा किंवा कोणतीही पेस्ट लावू नये. शंभर-दोनशे वर्षांत चढलेली काळसर झाक हीच त्याच्या जुनेपणाची साक्ष असते आणि ती गेली की परत येत नाही. पीव्हीसी प्लास्टिकच्या मऊ पाकिटांतून सुटणाऱ्या द्रव्याने चांदीवर हिरवट चिकट थर चढतो, म्हणून मायलारची (एका पॉलिएस्टर फिल्मची) पाकिटे वापरावीत, आणि प्रत्येक नाण्यासोबत वजन, ठशाचा प्रकार, पूर्वीच्या मालकांविषयी मिळालेली माहिती आणि खरेदीची पावती जपून ठेवावी.