मायकोलॉजी बेंचला पोस्टिंग लागलीय? आधी हे वाचा

डीएमएलटी (लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा) किंवा बीएस्सी मायक्रो करून ठाणे-नवी मुंबईच्या लॅबमध्ये लागणाऱ्या पोरांना बॅक्टेरियाचा बेंच, म्हणजे कामाचं टेबल, आवडतो, आज लावलं की उद्या-परवा रिपोर्ट, आणि मायकोलॉजी, म्हणजे फंगसची (बुरशीची) तपासणी, म्हटलं की तोंड वाकडं, कारण तिथे चार-चार आठवडे स्लँटकडे (फंगस वाढवायच्या, तिरप्या मीडियमच्या ट्यूबकडे) बघत बसायचं. मी ऐरोलीहून ट्रान्स-हार्बरने रोज तुर्भ्याला येतो, बरीच वर्षं याच बेंचवर आहे, आणि माझं स्पष्ट मत आहे की फंगसमध्ये आधी डोळा तयार करावा, मशीन नंतर शिकता येतं.

पण स्लाइडच्याही आधी सॅम्पल. पावसाळ्यात गजकर्णाच्या पेशंटची रांग लागते, ओले बूट, दमट कपडे, लोकलचा घाम, आणि बऱ्याच जणांनी मेडिकलमधून स्टेरॉइड मिसळलेलं मलम आणून चोपडलेलं असतं. पहिलं हेच विचारायचं, "काका, यावर काय लावलंय? शेवटचं कधी लावलं?" अँटिफंगल लावून आलेल्याची स्लाइड निगेटिव्ह आली म्हणजे फंगस नाही असं होत नाही. स्पिरिटने पुसून चट्ट्याच्या कडेवरून खरवडा, मधलं बरं होत आलेलं असतं, तिथे काही मिळत नाही. नखाचं असेल तर टोक कापून देऊन चालत नाही, नखाखालचा भुसा हवा.

मग केओएच, म्हणजे पेशी विरघळवून फंगस दिसू देणारं पोटॅशियम हायड्रॉक्साइडचं द्रावण. त्वचेला १० टक्के आणि १०-२० मिनिटं पुरतात, नखाला २० ते ४० टक्के घ्या आणि कित्येक तास, कधी रात्रभर ठेवा. बघताना उजेड कमी करा, फुल लाइटमध्ये हायफा (फंगसचा धागा) दिसतच नाही. आणि सगळ्यात फसवणारी गोष्ट म्हणजे पेशींच्या कडांवर दिसणारी जाळी, नवीन माणूस हमखास पॉझिटिव्ह म्हणून मोकळा होतो! खरा हायफा पेशींच्या कडा ओलांडून सरळ पुढे जातो, जाडी साधारण सारखी असते, सेप्टा (आतले आडवे पडदे) आणि फांद्या दिसतात. कापसाचा धागा यापेक्षा जाड आणि पिळदार असतो, दोन-चारदा बघितला की कळतो.

२०२१ मध्ये कोविडच्या दुसऱ्या लाटेनंतर म्युकर (ज्याला लोक काळी बुरशी म्हणत) आला तेव्हा या स्लाइडची किंमत सगळ्यांना कळली. हायफा रुंद, रिबनसारखा, सेप्टा जवळजवळ नाहीतच आणि फांद्या बऱ्याचदा काटकोनात, तर म्युकर. बारीक, सेप्टा असलेला, ४५ अंशात फुटणारा असेल तर ॲस्परजिलस (दुसरा एक फंगस) असू शकतो. हा फरक महत्त्वाचा का, तर ॲस्परजिलसला देतात ते व्होरिकोनॅझोल म्युकरवर चालत नाही, तिथे ॲम्फोटेरिसिन लागतं, म्हणून कल्चरची (सॅम्पलमधून फंगस वाढवून बघण्याची) वाट न बघता आधी डॉक्टरांना फोन. आणि म्युकरचा संशय असेल तर टिश्यू कुटू नका, हायफा फुटून मरतो आणि स्लाइड पॉझिटिव्ह असूनही कल्चर निगेटिव्ह येतं, बारीक तुकडे करून लावा. सायक्लोहेक्सिमाइडवालं मीडियम (हे औषध बरेच इतर फंगस दाबतं) फक्त डर्मॅटोफाइटच्या, म्हणजे गजकर्णाच्या फंगसच्या, सॅम्पलला, म्युकर आणि ॲस्परजिलस त्यावर दबतात.

यीस्टला (एकपेशीय फंगस, उदा. कँडिडा) जर्म ट्यूब, म्हणजे पेशीतून कोंबासारखी नळी फुटते का बघायची टेस्ट, शिकून घ्या, सीरममध्ये ३७ अंशाला २-३ तास, त्यापेक्षा जास्त ठेवलं तर इतर कँडिडाही फसवतात. पॉझिटिव्ह आली तर बहुतेक वेळा कँडिडा अल्बिकन्सच असतो, पण कँडिडा डब्लिनिएन्सिसही पॉझिटिव्ह येतो. आयसीयूच्या ब्लड कल्चरमधून आलेल्या यीस्टला मशीनने कँडिडा हीम्युलोनाय असं नाव दिलं तर गप्प बसू नका, तो कँडिडा ऑरिस असू शकतो, सीनियरना दाखवा आणि माल्डी-टॉफवर (प्रथिनांवरून जंतू ओळखणाऱ्या मशीनवर) टाकायला सांगा. २००९ मध्ये जपानमध्ये पहिल्यांदा वर्णन झालेला हा कँडिडा फ्लुकोनॅझोलला बहुधा दाद देत नाही आणि वॉर्डात एकाकडून दुसऱ्याकडे पसरतो.

शिकायला जागा हवी असेल तर कळव्याचं राजीव गांधी, नेरूळचं डी. वाय. पाटील, कामोठ्याचं एमजीएम, या मेडिकल कॉलेजांच्या मायक्रोबायोलॉजी विभागात ट्रेनिंग मिळेल का विचारून बघा. घेतलं तर सरळ सांगा, मला मायकोलॉजीला ठेवा, आणि जमलं तर जून ते सप्टेंबर, त्वचेच्या केसेस तेव्हाच भरपूर येतात.