घर घेताय? आधी सह्या मोजा

डिसेंबरात गोव्यातली सगळीच घरं छान दिसतात, म्हणून पहिली सूचना ही की शक्य असेल तर पावसात घर बघा. फोंड्याजवळ कुर्टीला आम्ही एक फ्लॅट मार्चमध्ये बघितला आणि जवळजवळ ठरवलाच होता. जुलैत सहज परत गेलो. बेडरूममध्ये कपाट टेकवलेल्या कोपऱ्यात नवा रंग पापडासारखा फुगला होता, नख लावलं तर खालचा गिलावा ओला पेंड. मालक हसून म्हणाले, "ओल सगळ्यांगेर आसता." असते, पण ती वरच्या मजल्यावरच्यांच्या न्हाणीघरातून झिरपत होती, आणि ते लोक दार उघडायला तयार नव्हते. तेव्हा भिंतींना हात लावून बघा. वरचा मजला असेल तर गच्चीवर चढा, पत्रे घातलेत का ते बघा. टँकर कुठल्या महिन्यांत येतो हे एजंटला नव्हे, वॉचमनला विचारा.

पैशाचा हिशोब घर आवडायच्या आधी करून ठेवा, नंतर डोकं चालत नाही. समजा फ्लॅट ६० लाखांचा. ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला रिझर्व्ह बँकेची मर्यादा घराच्या किमतीच्या ८० टक्के, म्हणजे बँक फार तर ४८ लाख देणार. उरलेले १२ लाख आपले. मुद्रांक शुल्क, नोंदणी आणि वकील या १२ लाखांच्या बाहेर, कारण बँक ते किमतीत धरत नाही. काम चालू असलेल्या इमारतीत साध्या फ्लॅटवर ५ टक्के जीएसटीही लागतो. पूर्णत्वाचा दाखला मिळाल्यावर घेतलात तर तो नाही. किंमत ५० लाख किंवा त्याहून जास्त असेल तर १ टक्का टीडीएस, म्हणजे विकणाऱ्याच्या कराचे पैसे, तुम्ही किमतीतून कापून सरकारात भरायचा असतो, हे विकणारा आठवणीने सांगेलच असं नाही.

आता खरी गोष्ट. फ्लॅटच्या आधी आम्ही डिचोलीत एका जुन्या कौलारू घराच्या मागे लागलो होतो. चिऱ्याच्या भिंती, अंगण, मागे दोन माड. ज्यांच्याशी बोलणं झालं ते गृहस्थ सज्जन होते, ५० हजार टोकन देऊन मोकळे झालो. मग वकिलांनी विचारलं, "भावंडं किती?" तीन भाऊ, एक बहीण. "सगळ्यांची लग्नं झालीत?" हो. "म्हणजे आठ सह्या." आमच्याकडे पोर्तुगीज नागरी कायद्यातून आलेली पद्धत अशी की लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक होते, वारशाने आलेलीसुद्धा. त्यामुळे सुनांची सही लागते आणि जावयाचीही. बहिणीचा हिस्सा भावांइतकाच. त्यात वडील गेल्यावर इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांत मालमत्ता वाटून द्यायची कोर्टातली प्रक्रिया, झालेलीच नव्हती आणि धाकटा भाऊ पोर्तुगीज पासपोर्टवर लंडनला. परदेशी राहणारा विकत असेल तर वरचं १ टक्क्याचं गणित चालत नाही, कर बराच जास्त कापावा लागतो आणि नाही कापला तर जबाबदारी आपल्यावर येते. टोकन सहा महिन्यांनी परत आलं. माड अजून डोळ्यासमोर आहेत.

म्हणून घर जुनं असो की नवं, पहिला कागद मागा तो एक-चौदाचा उतारा, म्हणजे आमच्याकडचा सातबारा. ऑनलाइन मिळतो, सर्व्हे नंबर तेवढा हवा. त्यात मालकाच्या रकान्यापेक्षा कुळाचा आणि इतर हक्कांचा रकाना आधी वाचा. तिथे कूळ किंवा मुंडकार (दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणारा) म्हणून कुणाचं नाव दिसलं तर तो विषय सुटल्याशिवाय पुढे जाऊ नका, 'नावापुरतंच आहे' असं कुणी कितीही सांगो. आणि हा उतारा म्हणजे मालकी हक्काचा पुरावा नव्हे, हे वकिलांनी आम्हाला तीनदा सांगितलं. जमीन आताच्या मालकाकडे कशी आली ती साखळी जुन्या विक्रीखतांतून आणि पोर्तुगीज काळातल्या नोंदींतून बघावी लागते. खोटे दस्तऐवज करून जमिनी हडपल्याच्या तक्रारींवर सरकारला २०२२ साली एसआयटी, म्हणजे विशेष तपास पथक, नेमावी लागली होती. तेव्हा वकील आपला करा, बिल्डरने सुचवलेला नको. जमीन कोमुनिदादीची, म्हणजे गावाच्या जुन्या सामाईक संस्थेची, असेल तर जास्तच जपून.

फ्लॅट असेल तर जमिनीची रूपांतर सनद (शेतजमीन बांधकामासाठी वापरायची परवानगी), नगर नियोजन खात्याचा परवाना, पंचायत किंवा पालिकेचा बांधकाम परवाना आणि शेवटी ऑक्युपन्सी (राहायला जायचा दाखला), एवढ्या प्रती फाइलमध्ये लावा. घरपट्टीची पावती दाखवून 'सगळं कायदेशीर' म्हणणारे भेटतील, पण घरपट्टी भरली म्हणून बांधकाम कायदेशीर होत नाही. नवा प्रकल्प असेल तर गोवा रेराच्या, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या सरकारी प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर नोंदणी क्रमांक टाकून बघा, आणि करार नोंदवल्याशिवाय १० टक्क्यांहून जास्त रक्कम देऊ नका, बिल्डरला ती घेताही येत नाही. करारात कार्पेट एरिया, म्हणजे घराच्या आतली वापरायची जागा, लिहून घ्या. सुपर बिल्टअपच्या आकड्यात जिना, लॉबी सगळं येतं आणि झोपायला जागा तेवढीच राहते. पार्किंग कुठलं, त्यावर नंबर आहे का, तेही बघा. सोसायटी झाली आहे की होणार आहे, हे विचारल्यावर समोरच्याने विषय बदलला तर आपणही घर बदलावं, असं माझं मत.

विक्रीखताच्या दिवशी सब-रजिस्ट्रारकडे आधार, पॅन, फोटो आणि साक्षीदार वेळेवर हवेत. आमचा एक साक्षीदार म्हापशाला ट्रॅफिकमध्ये अडकला आणि नोंदणीची वेळ गेली. किल्ली हातात आली की वीज मीटरचा फोटो काढा, मागची बिलं फेडल्याच्या पावत्या घ्या. मग घरपट्टी, वीज आणि पाणी नावावर करून घ्यायचं. पहिली दोन आम्ही महिन्याभरात केली. पाण्याचं बिल मात्र अजून आधीच्या मालकांच्या नावाने येतं, मी दर महिन्याला ते भरतो आणि पुढच्या सोमवारी जाऊ म्हणतो.