तेलाचा लाल दिवा: पंप की सेन्सर?

पुण्याहून साताऱ्याकडे जाताना खंबाटकी घाट चढून चहासाठी गाडी थांबवली, तेव्हा आयडलिंगला (गाडी उभी, इंजिन सुरू) तेलाचा दाब कमी झाल्याचा इशारा देणारा, तेलाच्या किटलीचा लाल दिवा लुकलुकू लागला आणि ॲक्सिलरेटर किंचित दाबताच विझला. मी इंजिन तत्काळ बंद केले, कारण तेलाचा दाब खरोखरच गेला असेल तर बेअरिंग खराब व्हायला फार वेळ लागत नाही. दहा मिनिटांनी डिपस्टिक पुसून पाहिली. तेल वरच्या खुणेच्या जरासेच खाली होते. तरीही गाडी टो करूनच परत आणली.

गॅरेजमध्ये काहीही न तपासता ऑइल पंप बदलण्याचा सल्ला मिळाला, तो मला पटला नाही. घरी हा दिवा लावणाऱ्या प्रेशर सेन्सरची वायर काढताच दिवा विझला, म्हणजे वायर बॉडीला कुठे टेकलेली नव्हती; टेकली असती तर दिवा लागलेलाच राहिला असता. मात्र कनेक्टरच्या पिनेभोवती काळे तेल साचलेले होते, म्हणून संशय सेन्सरवर गेला. सेन्सरच्या जागी मित्राकडचे प्रेशर गेज बसवून, रेडिएटरचा पंखा सुरू होईपर्यंत इंजिन तापवले. आयडलिंगला १.३ बार (दाबाचे एकक) आणि २००० आरपीएमला ३.२ बार दाब मिळाला. असे दिवे सहसा अर्ध्या बारच्या आसपास किंवा त्याखाली लागतात. त्यामुळे पंप निर्दोष ठरला.

नवा सेन्सर नव्या वॉशरसह बसवला, आटे ॲल्युमिनियममध्ये असल्याने तो बेतानेच आवळला आणि कनेक्टर क्लीनरने स्वच्छ केला. त्यानंतर तोच घाट दोनदा चढलो. दिवा लागला नाही.