फ्लॅश भारी, तरी चेहरा पांढराफटक? या चुका टाळा

एक्स्टर्नल फ्लॅश लावला, टीटीएल (फ्लॅशची ताकद कॅमेऱ्यानेच ठरवायचा मोड) चालू केलं, तरी पोर्ट्रेट येतं ओळखपत्रावरच्या फोटोसारखं. फ्लॅश बिघडलेला नसतो. आपण सगळं त्याच्यावर सोडून मोकळे झालेलो असतो.

टीटीएलचंच बघा. मुख्य फ्लॅशच्या आधी एक हलका प्री-फ्लॅश पडतो आणि परतलेल्या उजेडावरून ताकद ठरते. समोर काळा कोट असला की उजेड कमी परततो, फ्लॅश जोर लावतो आणि चेहरा पांढरा पडून उडतो. पांढऱ्या कपड्यांत याच्या उलट. अशा वेळी आयएसओशी खेळत बसू नका. फ्लॅश एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (टीटीएलची ताकद कमी-जास्त करायची सोय) उणे १ करून बघा. चेहरा जमला आणि माणूस जागचा हलणार नसेल, तर सरळ मॅन्युअलवर जा, म्हणजे ताकद स्वतः ठरवा. काही फ्लॅश टीटीएलने काढलेली ताकद मॅन्युअलमध्ये तशीच उचलतात. ही सोय फार कमी लोक वापरतात.

दुसरी गोची हाय-स्पीड सिंकची, म्हणजे खूप वेगवान शटरवरही फ्लॅश चालवणाऱ्या मोडची. कडक उन्हात आयएसओ १०० आणि एफ/२.८ धरलं, तर शटर १/३२०० च्या आसपास जातं; तिथे हे फीचर हवंच, नाहीतर फोटोत काळा पट्टा येतो. पण या मोडमध्ये फ्लॅश एकच ठोसा न देता बारीक ठिणग्यांची माळ लावतो, त्यामुळे ताकद निदान दोन स्टॉपने घटते, म्हणजे पाव हिस्सा किंवा त्याहूनही कमी उरते. घरात १/५०० वर शूट करून ‘फ्लॅश पुरत नाही’ म्हणणाऱ्यांनी आधी शटर १/२०० वर आणावं.

डोळे मिटतात? माझ्या एका शूटमध्ये एका बाईंचे सलग सहा फोटो असे गेले. दोष प्री-फ्लॅशचा, रिअर कर्टन सिंक (मुख्य फ्लॅश शटर बंद होण्याच्या जरा आधी पडतो तो मोड) आणि मंद शटर असेल तर दोन उजेडांमधलं अंतर आणखी वाढतं. फ्लॅश एक्स्पोजर लॉकचं बटण दाबा, प्री-फ्लॅश उडून जाऊ द्या, पापणी लवून डोळे पुन्हा उघडले की मग क्लिक करा.

दुसरा फ्लॅश ऑप्टिकल स्लेव्हवर (पहिल्याचा उजेड दिसला की उडणारा) असून फोटोत त्याचा उजेडच नसेल, तर तो प्री-फ्लॅशलाच उडून गेलेला असतो. स्लेव्हचा एस२ मोड लावा, तो प्री-फ्लॅशकडे दुर्लक्ष करतो.

बाउन्स करताना, म्हणजे उजेड छतावर-भिंतीवर आपटून घेताना, फ्लॅशचं डोकं थेट छताकडे नको, डोळ्यांखाली खड्डे पडतात. मागच्या किंवा बाजूच्या भिंतीकडे वळवा. भिंत हिरवी असेल, तर गालही हिरवे येतील.